बाटली हलवून घ्या: मॅग्नेशिया विरघळण्याची गोष्ट

आजचा लेख वाचायला बसण्याआधी एक छोटं काम करा. औषधांच्या कपाटात मिल्क ऑफ मॅग्नेशियाची साधी, बिनचवीची बाटली आहे का बघा. नसेल तर कोपऱ्यावरच्या फार्मसीत मिळेल. एका काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात हे पांढरं औषध दोन चमचे आणि चिमूटभर हळद घाला. हळद तांबूस होईल. यात नवल नाही, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. आता त्यात चमचाभर व्हिनेगर टाका. रंग लगेच पिवळा होईल. मग ढवळत राहा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा. थोड्या वेळाने तो तांबूस रंग हळूहळू परत यायला लागेल.

काय झालं? व्हिनेगरने पाण्यात विरघळलेला सगळा अल्क संपवला, म्हणून हळद पिवळी झाली. पण ग्लासात न विरघळलेले पांढरे कण शिल्लक होतेच. ते विरघळत गेले, पाणी पुन्हा अल्कधर्मी झालं आणि रंग परतला. म्हणजे रंग परत यायला जितका वेळ लागला, तितका वेळ त्या पांढऱ्या पुडीला विरघळायला लागला. (ग्लासातलं पाणी पिऊ नका, हे सांगायला नकोच.)

या वेळच्या भागात आपण सिमेंटबद्दल बोललो. जगात दरवर्षी सुमारे ४ अब्ज टन सिमेंट तयार होतं आणि माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के त्यातून येतो, हे तुम्ही ऐकलंत. बोलता बोलता मॅग्नेशियाच्या सिमेंटचा विषय निघाला. कमी तापमानाला भाजता येणारं आणि घट्ट होताना हवेतला कर्बवायू पिणारं हे सिमेंट. मग ओघाने पुढचा प्रश्न आला: इतकं चांगलं आहे, तर सगळे तेच का वापरत नाहीत? पॉडकास्टमध्ये वेळ संपत आला होता, म्हणून उत्तर इथे लिहितोय. उत्तर मोठं आहे आणि जवळजवळ पावणेतीनशे वर्षं मागे जातं. पण त्याचा गाभा तुमच्या ग्लासात आहे. मॅग्नेशिया विरघळतो की नाही, हा प्रश्नच नाही. तो कधी विरघळतो, यावर सगळं अवलंबून आहे.

मुतखडा आणि निवळी

१७५० च्या आसपास एडिनबरा विद्यापीठात डॉक्टरांचा एक वाद पेटला होता. मुतखड्यावर तेव्हा चुन्याची निवळी प्यायला देत. निवळीने मूत्राशयातला खडा विरघळतो अशी समजूत होती. वाद असा, की शिंपले भाजून केलेल्या चुन्याची निवळी चांगली की दगडाच्या चुन्याची? दोन प्राध्यापक दोन बाजूंना उभे होते. जोसेफ ब्लॅक नावाच्या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याला याच विषयावर प्रबंध लिहायचा होता. पण दोन गुरुजनांच्या भांडणात पडण्यापेक्षा त्याने शहाणपणाने दुसरा पदार्थ निवडला, मॅग्नेशिया अल्बा. एप्सम मीठ आणि लाकडाच्या राखेतला क्षार यांपासून मिळणारी ही पांढरी पूड. आजच्या भाषेत मॅग्नेशियमचं कार्बोनेट.

ब्लॅकची अपेक्षा सरळ होती. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो, तसाच मॅग्नेशिया अल्बा भाजला की एखादा नवा जहाल चुना मिळेल आणि त्याची निवळी खड्यावर चालेल. त्याने पूड भाजली. वजन निम्म्याहून जास्त घटलं. पण उरलेली पूड पाण्यात टाकली, तर ती चुन्यासारखी तापली नाही, उसळली नाही, आणि तिची निवळीही झाली नाही.

औषध म्हणून हा प्रयोग फसला. पण ब्लॅक तराजू वापरणारा माणूस होता. घटलेलं वजन गेलं कुठे, याचा त्याने पाठपुरावा केला आणि ते एका वायूच्या रूपाने निघून जातं असं दाखवलं. दगडात बद्ध असलेल्या या वायूला त्याने ‘स्थिर हवा’ अशा अर्थाचं नाव दिलं. हाच आपला कार्बन डायऑक्साइड. चुन्याची निवळी त्याने दुधाळ होते, हा शाळेतला प्रयोग त्याच काळातला. ब्लॅकचा प्रबंध १७५४ चा, त्यावरून लिहिलेला प्रसिद्ध निबंध १७५६ चा.

यातल्या दोन गोष्टी पुढे लागणार आहेत, म्हणून लक्षात ठेवा. एक, आज ज्या वायूची आपल्याला काळजी वाटते तो पहिल्यांदा नीट तोलला गेला तो मॅग्नेशियाच्या दगडातूनच. मॅग्नेशिया भाजला की तो बाहेर पडतो, यात कसलीही सूट नाही. दोन, भाजलेला मॅग्नेशिया पाण्याशी चुन्यासारखा वागत नाही. एक लिटर पाण्यात विरलेला चुना दीड ग्रॅमहून जास्त विरघळतो. मॅग्नेशियाचं हायड्रॉक्साइड मात्र १० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे शंभराहून जास्त पट कमी. म्हणूनच औषधाच्या बाटलीत ते तळाशी बसतं आणि बाटलीवर ‘हलवून घ्या’ असं लिहावं लागतं.

सोरेलचं सिमेंट

पुढची पायरी पॅरिसमध्ये. स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८६७ मध्ये एक नवं सिमेंट जाहीर केलं. भाजलेला मॅग्नेशिया साध्या पाण्यात न कालवता त्याने मॅग्नेशियम क्लोराइडच्या दाट द्रावणात कालवला. मिश्रण काही तासांत घट्ट झालं आणि दगडासारखं कडक बनलं. त्याला चकाकी आणता येत होती, लाकडाचा भुसा मिसळता येत होता. त्यातून फरशी झाली, जहाजांच्या डेकवरचे थर झाले, धार लावायचे दगड झाले. हस्तिदंताला पर्याय म्हणूनही ते चाललं.

यात काय वेगळं घडलं? क्लोराइडच्या द्रावणात मॅग्नेशियाचे कण जास्त भरभर विरघळतात. शिवाय विरघळलेलं मॅग्नेशियम परत हायड्रॉक्साइड होऊन बसण्याऐवजी क्लोराइडला सोबत घेऊन नवे, सुईसारखे स्फटिक बनवतं. त्या सुया एकमेकींत गुंततात आणि सिमेंटला ताकद देतात. विरघळण्याची वाट बदलली की सिमेंट बदलतं, हे सोरेलने करून दाखवलं. पण त्याच्या सिमेंटचा एक दोष शेवटपर्यंत गेला नाही. ते पाण्यात फार काळ टिकत नाही, आणि त्यातला क्लोराइड लोखंडाला गंजवतो. म्हणून ते घराच्या आत राहिलं. पूल आणि धरणं पोर्टलँड सिमेंटने बांधली गेली.

उशिरा जागा झालेला मॅग्नेशिया

पोर्टलँड सिमेंट म्हणजे लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेचं पुढचं रूप. चुनखडी आणि चिकणमाती सुमारे १४५० अंशांना भाजायची आणि दळायची. पण प्रत्येक चुनखडी शुद्ध नसते. डोलोमाइट मिसळलेल्या चुनखडीतून मॅग्नेशियाही भट्टीत जातो. १८८० च्या दशकात फ्रान्समधले काही पूल आणि जर्मनीतल्या कासल शहरातली इमारत यांना तडे गेले, बांधकाम फुगलं. वापरलेल्या सिमेंटमध्ये मॅग्नेशियाचं प्रमाण भरमसाट होतं. विशेष म्हणजे बांधताना कुणाला शंका आली नव्हती. सिमेंट नीट बसलं होतं, कडक झालं होतं. दोष काही काळ लोटल्यावर बाहेर आला.

कारण आज आपल्याला माहीत आहे. १४५० अंशांच्या भट्टीत मॅग्नेशियाचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे, घट्ट, छिद्र नसलेले स्फटिक बनतात. याला पेरिक्लेज म्हणतात. भट्टीच्या कामगारांच्या भाषेत हा ‘करपून मेलेला’ मॅग्नेशिया. तो मेलेला नसतो, झोपलेला असतो. आजूबाजूचं सिमेंट घट्ट होऊन जातं, आणि त्यानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी हा कण पाण्याशी बोलायला लागतो. एक घनसेंटिमीटर मॅग्नेशियाचं हायड्रॉक्साइड झालं की ते सुमारे २.२ घनसेंटिमीटर जागा मागतं. ओल्या सिमेंटमध्ये ही जागा मिळाली असती. कडक सिमेंटमध्ये ती फक्त फोडूनच मिळते.

या प्रकरणांचा परिणाम आजही प्रत्येक पोत्यावर आहे. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये मॅग्नेशिया ६ टक्क्यांच्या वर चालत नाही, अमेरिकेतही मर्यादा ६ टक्केच, आणि युरोपात क्लिंकरसाठी ५ टक्के. तपासणीची पद्धतही बोलकी आहे. मोकळा चुना उशिरा फुगणार आहे का, हे बघायला नमुना उकळत्या पाण्यात ठेवला तरी पुरतं. मॅग्नेशियाला तेवढ्याने जाग येत नाही. त्यासाठी नमुना ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, २१५ अंशांच्या आसपासच्या वाफेत तीन तास ठेवतात. वर्षांचं काम तासांत करून घ्यायचं. चंद्रपूरकडे तुमच्या नात्यातलं कुणी सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत असेल, तर फोनवर विचारा. ही चाचणी त्यांना पाठ असेल.

आणि गंमत बघा. १९७० च्या दशकात चीनमधल्या जीलिन प्रांतात बायशान धरण बांधलं जात होतं. तिथे वापरलेल्या सिमेंटमध्ये मॅग्नेशिया मर्यादेच्या आत, पण चांगलाच वरच्या बाजूला होता. अभियंत्यांच्या लक्षात आलं की इतक्या थंड हवामानात अपेक्षित होते तेवढे तडे या धरणाला गेले नाहीत. धरणाचं काँक्रीट आतून तापलेलं असतं आणि वर्षानुवर्षं निवत, आकसत जातं. मॅग्नेशिया नेमका त्याच काळात सावकाश फुगत होता आणि आकसण्याची भरपाई करत होता. तेव्हापासून चीनमध्ये धरणांच्या काँक्रीटमध्ये मोजूनमापून भाजलेला मॅग्नेशिया मुद्दाम घालतात. ज्या उशिराने फ्रान्समधले पूल फोडले, त्याच उशिराने हे धरण सांभाळलं. पदार्थ तोच, फक्त वेळ कुणीतरी ठरवलेली होती.

पिठल्यातली गुठळी

आता ही वेळ ठरते कशी, ते बघू. इथून रसायनशास्त्र सुरू होतं, पण स्वयंपाकघराच्या बाहेर जायची गरज नाही.

मॅग्नेशियाचा कण पाण्यात पडला की पाण्याचे रेणू त्याच्या पृष्ठभागावर बसून फुटतात आणि पृष्ठभागावर हायड्रॉक्सिलचा थर तयार होतो. मग कडेकोपऱ्यावरचे मॅग्नेशियमचे आयन एकेक करून सुटतात. सुटलेल्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू घट्ट कोंडाळं करतात. सोबत हायड्रॉक्साइडही पाण्यात येतो आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वर चढतो. तो साधारण १०.५ ला पोचला की पाणी भरलं. आता जितकं विरघळेल तितकं पुन्हा घन होऊन बसायला लागतं. या घन हायड्रॉक्साइडला खनिजशास्त्रात ब्रुसाइट म्हणतात. तुमच्या बाटलीच्या तळाशी आहे ते हेच.

अडचण अशी, की ब्रुसाइट बहुतेक वेळा मॅग्नेशियाच्या कणावरच बसतो. पिठलं करताना बेसन न ढवळता एकदम उकळत्या पाण्यात टाकलं तर काय होतं, आठवा. गुठळी होते. बाहेरचं पीठ शिजून चिकट होतं आणि आतलं कोरडं पीठ तसंच राहतं, कारण पाणी आत जाऊच शकत नाही. मॅग्नेशियाचा कण स्वतःच विरघळून स्वतःभोवती असंच कवच तयार करतो. आतला मॅग्नेशिया पाण्यावाचून तसाच पडून राहतो.

गुठळी टाळायची तर उपाय दोनच. पीठ असं घ्या की ते लवकर भिजेल, नाहीतर पाण्यात असं काही घाला की कवच बसणारच नाही.

पहिला उपाय भट्टीत होतो. मॅग्नेसाइट हा मॅग्नेशियाचा दगड सुमारे ७०० अंशांना भाजला की कर्बवायू निघून जातो आणि मागे अतिशय बारीक, सच्छिद्र कण राहतात. अशा एका ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग दहा-वीस चौरस मीटर, कधी त्याहूनही जास्त भरतो, म्हणजे एका खोलीच्या जमिनीएवढा. याला क्रियाशील मॅग्नेशिया म्हणतात. तोच दगड १५०० अंशांच्या वर नेला की छिद्रं बुजतात, कण एकमेकांत मुरतात, आणि एका ग्रॅमचा पृष्ठभाग एका चौरस मीटरच्याही खाली येतो. रासायनिक सूत्र दोन्हीचं एकच. पण पहिला पाण्यात काही तासांत बदलतो आणि दुसऱ्याला वर्षं लागू शकतात. म्हणून पोत्यावर ‘९५ टक्के शुद्ध’ लिहिलं असेल तरी त्यावरून काहीच कळत नाही. उद्योगात त्यासाठी वेगळी चाचणी आहे. ठरावीक पूड सायट्रिक आम्लाच्या द्रावणात टाकायची, त्यात फिनॉल्फ्थॅलिन घालायचं आणि गुलाबी रंग यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. एक मिनिटाच्या आत आला तर मॅग्नेशिया फार क्रियाशील. दहा-पंधरा मिनिटं लागली तर करपलेला. तुमचा हळद-व्हिनेगरचा प्रयोग या चाचणीचाच घरगुती भाऊ आहे.

दुसरा उपाय पाण्यात होतो. १९६९ मध्ये डी. ए. व्हर्मिलिया यांनी मॅग्नेशिया आणि ब्रुसाइट वेगवेगळ्या सामूच्या पाण्यात किती वेगाने विरघळतात, हे मोजून प्रसिद्ध केलं. आम्लात वेग मोठा, आणि पाणी अल्कधर्मी होत जाईल तसा तो पडत जातो. सिमेंटवाल्यांसाठी ही वाईट बातमी होती, कारण सिमेंट म्हणजे अल्कधर्मी पाणीच. मॅग्नेशिया विरघळला की तो स्वतःच पाणी अल्कधर्मी करतो आणि स्वतःचीच वाट अडवतो. नंतरच्या संशोधकांनी यावर युक्ती काढली. पाण्यात थोडा मॅग्नेशियम अ‍ॅसिटेट घातला तर अ‍ॅसिटेट मॅग्नेशियमच्या आयनाला हाताला धरून कणापासून दूर नेतो. मग ब्रुसाइट कणावर न बसता मोकळ्या पाण्यात तयार होतो आणि कवच पातळ राहतं. पिठलं ढवळण्याचंच काम हे.

कर्बवायू आत जाणार कसा?

इथपर्यंत फक्त पाण्याची गोष्ट झाली. पण या सिमेंटची खरी ताकद ब्रुसाइटमध्ये नाही. ब्रुसाइट एकटा असला तर ठोकळा फारसा मजबूत होत नाही. ताकद येते ब्रुसाइट कर्बवायू पिऊन मॅग्नेशियमचे पाणीदार कार्बोनेट बनवतो तेव्हा. नेस्क्वेहोनाइटच्या सुया, हायड्रोमॅग्नेसाइटच्या पापुद्र्यांची फुलं, हे सगळे त्याच घराण्यातले.

तुम्ही म्हणाल, सरळ मॅग्नेसाइटच का होत नाही? तोच तर मूळ दगड होता. आडवे येतात ते आयनाभोवतीचे पाण्याचे सहा रेणू. कॅल्शियम आपलं पाणी चटकन सोडतो. मॅग्नेशियम त्याच्यापेक्षा सुमारे हजार पट सावकाश सोडतो. म्हणून साध्या तापमानाला तयार होणाऱ्या कार्बोनेटमध्ये पाणी अडकून येतं. हे एका अर्थी बरंच आहे, कारण पाण्यामुळे स्फटिक जास्त जागा भरतात आणि ठोकळ्यातली छिद्रं बुजतात.

पण बुजलेली छिद्रं हीच पुढची अडचण. माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने ठोकळे बनवले आणि कर्बवायूच्या पेटीत आठवडाभर ठेवले. बाहेरून छान, खणखणीत. दाबयंत्रात घातले तर अपेक्षेच्या निम्म्या वजनालाही फुटले. आत बघितलं तर काठाचे काही मिलिमीटर दगडासारखे, आणि मधला भाग नखाने खरवडता येईल इतका मऊ. वाळूचं प्रमाण चुकलं होतं आणि मिश्रण फार दाट झालं होतं. बाहेरच्या थराने कर्बवायू पिऊन स्वतःची दारं लावून घेतली होती. म्हणजे गुठळी दोनदा झाली होती, एकदा कणाच्या पातळीवर आणि एकदा अख्ख्या ठोकळ्याच्या. माझ्या मार्गदर्शकांनी तो तुटका ठोकळा टेबलावर ठेवायला सांगितला. अजून माझ्याकडे आहे.

हवेत कर्बवायू दहा हजार भागांत जेमतेम चार भाग. तेवढ्यावर हे सिमेंट वर्षानुवर्षं पीत बसेल. म्हणून प्रयोगशाळांत ५, १०, २० टक्के कर्बवायू असलेल्या दमट पेट्या वापरतात. त्यात सच्छिद्र ठोकळे दिवसांत मजबूत होतात. केंब्रिज आणि सिंगापूर इथल्या गटांनी हे चांगलं दाखवलं आहे. पण पेटी म्हणजे कारखान्यात बनवलेला ठोकळा. बांधकामावर ओतायचं काँक्रीट पेटीत ठेवता येत नाही. आणि ब्रुसाइटचा सामू १०.५ च्या आसपास राहतो. पोर्टलँड सिमेंटचा सामू १२.५ च्या वर असतो, म्हणून आतलं लोखंड गंजत नाही. मॅग्नेशियाच्या सिमेंटमध्ये लोखंडाला ते संरक्षण मिळत नाही. विटा, पेव्हर ब्लॉक, पत्रे यांना ते चालेल. तुमच्या इमारतीच्या खांबाला आज तरी नाही.

हिशेब

आता पैशांचा आणि कर्बवायूचा हिशेब. २००० नंतर या सिमेंटची खूप चर्चा झाली. टास्मानियातल्या जॉन हॅरिसन यांनी क्रियाशील मॅग्नेशियाच्या सिमेंटची कल्पना आग्रहाने मांडली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून २००७ मध्ये नोव्हासेम नावाची कंपनी निघाली. जितका कर्बवायू सोडतो त्याहून जास्त पिणारं सिमेंट, असा तिचा दावा होता. वर्तमानपत्रांत ठळक बातम्या आल्या. २०१२ मध्ये कंपनी बंद पडली. पुढचा पैसा उभा राहिला नाही, आणि तिचं तंत्रज्ञान एका ऑस्ट्रेलियन कंपनीने घेतलं.

या बातम्या वाचताना ब्लॅकचा तराजू हाताशी ठेवा. ८४ किलो मॅग्नेसाइट भाजला की ४० किलो मॅग्नेशिया आणि ४४ किलो कर्बवायू मिळतो. म्हणजे एक टन मॅग्नेशियामागे १.१ टन कर्बवायू, फक्त दगडातून, इंधनाचा वेगळा. चुनखडीत हेच प्रमाण एक टन चुन्यामागे ०.८ टनाच्या आत आहे. ७०० अंशांना भाजता येतं, हे खरं. त्यामुळे इंधन वाचतं, हेही खरं. पण मॅग्नेसाइटपासून केलेला मॅग्नेशिया शेवटच्या कणापर्यंत कर्बवायू प्यायला, तरी जेवढा सोडला होता साधारण तेवढाच परत घेतो. आणि शेवटच्या कणापर्यंत तो कधीच पीत नाही. का, ते गुठळीने सांगितलंच. म्हणून विरघळण्याचा प्रश्न आणि हवामानाचा प्रश्न इथे एकच होतात. जो कण विरघळला नाही, त्याचं भट्टीतलं कर्ज फिटलं नाही.

नोव्हासेमला हे नीट माहीत होतं. म्हणूनच ते मॅग्नेसाइटच्या नाही, तर मॅग्नेशियमच्या सिलिकेट दगडांच्या मागे होते. त्या दगडांत कर्बवायू मुळातच नसतो. पण त्यातून मॅग्नेशियम सोडवायला जास्त दाब, जास्त तापमान आणि जास्त पैसा लागतो. तिथेही अडतं ते सावकाश विरघळण्यापाशीच.

तिसरी वाट पाण्याची. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या किनाऱ्यावर १९३० च्या दशकाच्या शेवटी समुद्राच्या पाण्यात भाजलेला डोलोमाइट मिसळून मॅग्नेशिया काढायला सुरुवात झाली. तो पोलाद भट्ट्यांच्या विटांसाठी जायचा. मृत समुद्रात मॅग्नेशियम याच्या कितीतरी पट जास्त आहे. तिथलं क्लोराइडचं द्रावण तापवून मॅग्नेशिया काढण्याचा उद्योग इस्रायलमध्ये दिमोनाजवळ रोतेमच्या मैदानात उभा राहिला. दिमोनात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या आहेत. तुम्ही तिथून हे वाचत असाल तर हा कच्चा माल तुमच्या अंगणातला आहे. आणि दुबई, दोहा, मस्कतवाल्यांनो, तुम्ही जे पाणी पिता ते गोडं करून उरलेलं खारट पाणी समुद्रात परत जातं. त्यात मॅग्नेशियम आणखी दाट झालेलं असतं. त्यातून सिमेंटचा मॅग्नेशिया काढता येईल का, यावर आज संशोधन चालू आहे. पण इथेही तराजू सोडायचा नाही. त्या पाण्यातून मॅग्नेशियम खाली बसवायला अल्क लागतो. तो भाजलेल्या चुन्याचा असेल तर त्या चुन्याचा कर्बवायूही हिशेबात धरायला हवा.

मग बातमी वाचायची कशी?

पुढच्या वर्षी, किंवा कदाचित पुढच्या महिन्यात, तुमच्या फोनवर ‘हवा पिणारं सिमेंट’ अशी एखादी बातमी येईल. तिच्यावर हसू नका. या विषयावर खूप हुशार माणसं प्रामाणिकपणे काम करतायत, मीही त्यातला एक लहान कामगार आहे. पण तिला तीन प्रश्न विचारा. मॅग्नेशियम आलं कुठून, कर्बवायू असलेल्या दगडातून की नसलेल्या? भाजलं किती तापमानाला? आणि त्यातला किती भाग खरोखर विरघळला, किती दिवसांत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा बातमीतच असतात. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर हिशेब अपुरा आहे असं समजा.

तुमच्यापैकी कुणी केमिस्ट्री, सिव्हिल किंवा मटेरियल्स शिकत असाल, तर या तिसऱ्या प्रश्नावर अजून भरपूर काम शिल्लक आहे. आणि एखाद्या वर्षी तुमचा ठोकळा आतून मऊ निघाला, तर निराश होऊ नका. ब्लॅकलाही निवळी मिळाली नव्हतीच.

तो ग्लास ओट्यावर अजून असेल, तर एव्हाना त्यातला रंग परत आला असेल. आणखी एक चमचा व्हिनेगर टाका आणि पुन्हा वेळ मोजा. एकदा ढवळत, एकदा न ढवळता. दोन्ही आकडे आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.